खालची दिशा

राजगृहाबाहेर भल्या पहाटे ओल्या वस्त्रांनी, ओल्या केसांनी सिगाल नावाचा तरुण सहा दिशांना वंदन करीत होता. मृत्युशय्येवरील पित्याची ती आज्ञा होती. तथागतांनी त्याला वंदन सोडावयास सांगितले नाही. दिशांचा अर्थ बदलून दिला. पूर्व म्हणजे मातापिता, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे सेवक व कामकरी, वरची म्हणजे श्रमण. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्ताची ही कथा.

या सुत्ताचे मर्म असे की, प्रत्येक नात्यातील दोन्ही बाजूंना कर्तव्ये आहेत. शिष्याने आदराने शिकावे. आचार्यांनीही हातचे न राखता शिकवावे. सारी कर्तव्ये एका बाजूला आणि सारे अधिकार दुसऱ्या बाजूला, अशी व्यवस्था आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली. बाबासाहेबांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गृहस्थांच्या विनयामध्ये स्वामी-सेवकांचेही प्रकरण आहे, ते आम्हांस याच कारणाने मोलाचे वाटते.

स्मरणिकांतून मातापित्यांचे व गुरुजनांचे ऋण आपण मनःपूर्वक मानतो. खालच्या दिशेचे काय? पहाटे चार वाजता शेकडो भाकरींचे पीठ मळणाऱ्या मावशी, तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी रात्र काढणारे शिपाईकाका यांनी आपली बाजू पार पाडली. सुत्ताने मालकाकडेही पाच कर्तव्ये दिली आहेत: शक्तीप्रमाणे काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात शुश्रूषा करणे, गोडधोडात वाटा देणे आणि वेळोवेळी सुटी देणे. यात दयेचा प्रश्न नाही. हे त्यांचे येणे आहे. ‘मावशींनी आईच्या मायेने केले’ असे आपण कृतज्ञतेने म्हणतो, पण मायेचा गौरव करून वेतनाचा प्रश्न मिटत नाही.

म्हणून स्नेहमेळाव्यात शाल व पुष्पगुच्छ देऊन आपण थांबू नये. त्यांना वेतन वेळेवर मिळते काय, आजारपणाचा खर्च कोण करतो, म्हातारपणी त्यांना आधार काय, हे संस्थाचालक, पालक व माजी विद्यार्थी अशा आपण सर्वांनी विचारावे. उत्तरे समाधानकारक नसतील, तर माजी विद्यार्थ्यांनी निधी उभारावा आणि संस्थेने त्याचा चोख हिशेब ठेवावा. पाच दिशांना वंदन करून सहावी वगळण्याची मुभा तथागतांनी सिगालाला दिली नव्हती.