कागदावरचं रिसायकलिंग

रिसायकल्ड प्लास्टिकचा धंदा जोरात वाढणार म्हणे. वाढणारच! 2022 च्या नियमांनी कंपन्यांना टणक प्लास्टिकच्या पॅकिंगमध्ये 2025-26 पासून 30 टक्के आणि 2028-29 पर्यंत 60 टक्के रिसायकल्ड माल वापरायला सांगितलंय. मागणी कायद्यानेच तयार केली. पण माल यायचा कुठून?

आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्यासारखं गाव घ्या. पाण्याची बाटली, फुटकी बादली भंगारवाला उचलतो. चिप्सचं पाकीट, शांपूची पुडी? नाव नको! प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे चिकटलेले थर वेगळे करणं परवडत नाही. मग ती जाते नालीत, नाहीतर चुलीत.

जे विकलं जातं त्याचंही अवघडच. कच्चं तेल उतरलं की नवा दाणा स्वस्त होतो आणि भंगाराचा भाव पडतो. त्यात 2021 मध्ये प्लास्टिक भंगारावरचा जीएसटी 5 वरून 18 टक्के केला. म्हणजे जो पक्कं बिल फाडतो तोच मार खातो!

आणि कंपन्या? प्रमाणपत्र विकत घेतलं की सुटल्या. 2023 मध्ये अशी सुमारे 6 लाख प्रमाणपत्रं बनावट निघाली. आमच्या भाषेत, डेटाबेसमध्ये एन्ट्री आहे, गोदामात माल नाही.

माझं म्हणणं साधं आहे. काट्यावरचं वजन तपासल्याशिवाय प्रमाणपत्र देऊ नका, आणि रिकाम्या पुडीला किलोमागे भाव कंपनीने द्यावा. भंगारवाल्याला परवडलं तर तो नालीतूनही उचलेल. तोवर पाकिटावरचे ते तीन बाण म्हणजे नुसती नक्षी.