टॅग मिळाला, भाव कोण मिळवून देणार?

लाल मुंग्यांच्या चटणीचं रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेलं असेल. खाली कुणी ‘ईऽऽ’ म्हणतंय, कुणी ‘भारी’! ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यातल्या या ‘काई’ चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला. बातम्या झाल्या, कौतुक झालं. पण झाडावर चढून घरटं उतरवणाऱ्याच्या हातात चार पैसे जास्त पडायचे, तर तेवढं पुरत नाही. टॅग नाव राखतो. भाव मिळवायला कौशल्यं लागतात.

पहिलं कौशल्य जंगलातलं. या मुंग्या अळ्यांच्या रेशमाने झाडावरचीच पानं शिवून घरटं करतात. एका वसाहतीची अशी अनेक घरटी असतात, कधी कधी शेजारच्या झाडांवरही. राणी मात्र सहसा त्यातल्या एकाच घरट्यात. सगळीच ओरबाडली तर वसाहत संपली! मागणी वाढली की हा मोहही वाढतो. म्हणून किती काढायची आणि किती सोडायची, हे गावानं मिळून ठरवायला हवं.

दुसरं कौशल्य घरटं खाली आल्यावरचं. ते पाण्याच्या बादलीत बुडवायचं, मग पानं-कचरा बाजूला करून मुंग्या निवडायच्या. ओला माल टिकत नाही. त्यामुळे आठवडी बाजारात तो त्याच दिवशी, मिळेल त्या भावाला द्यावा लागतो. स्वच्छता, वाळवणं, नीट वजन आणि पॅकिंग जमलं, तरच विकणारा ‘या भावाला नाही देत’ म्हणू शकतो. पाकिटावर इशाराही हवा, कारण कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांना कीटकांचाही त्रास होऊ शकतो.

तिसरं कौशल्य कागदावरचं. जीआयचं नाव लावायला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदणी लागते, पॅकबंद विकायला अन्नसुरक्षेची नोंदणी. एकट्यादुकट्याला हे झेपत नाही. बचतगट किंवा सहकारी संस्था असेल तर जमतं. नाहीतर टॅगचा फायदा शहरातल्या पॅकिंगवाल्याला आणि संग्राहक होता तिथेच.

हे फार लांबचं समजू नका. आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तर भागात अशीच चटणी ‘चापडा’ म्हणून विकली जाते. तुमच्यापैकी कुणी फूड टेक्नॉलॉजी शिकतंय, कुणी कॉमर्स, कुणी प्राणिशास्त्र. इथे या तिन्हींची गरज आहे. आणि पुढचं रील दिसलं, की कमेंटमध्ये एवढंच विचारा: घरटं उतरवणाऱ्याला किलोमागे किती मिळाले?