जुना प्रिंटर मोडीत काढू नका



सातबारा, आठ-अ, मुलांच्या प्रवेशाचे अर्ज, पीककर्जाला जोडायच्या प्रती... वर्षाकाठी घराला किती छापील कागद लागतात, याचा एकदा हिशेब मांडून पाहा. डिजिटल सहीचा सातबारा आता घरबसल्या १५ रुपयांत उतरवून घेता येतो. पण तो छापायला आपण तालुक्याला जातो. एस.टी.चे भाडे जाते, अर्धा दिवस मोडतो. त्याहून वाईट म्हणजे आधारकार्ड, बँकेचे पासबुक आणि जमिनीचे कागद दुकानातल्या संगणकावर पाठवून तसेच ठेवून येतो. घराला कुलूप लावणारे आपण, हे कागद मात्र उघड्यावर टाकतो.

आणि पुष्कळ घरांत प्रिंटर असतोच! कधी काळी घेतलेला, आता फडके टाकून माळ्यावर ठेवलेला. नवा लॅपटॉप आला, प्रिंटर जोडला, चालला नाही, म्हणून "बिघडला" असे ठरवून टाकले. बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो. त्याची आणि नव्या लॅपटॉपची ओळख झालेली नसते, एवढेच. ती कशी करून द्यायची आणि घरातल्या सगळ्यांना एकच प्रिंटर कसा वापरता येतो, ते आज पाहू.

आधी यंत्र ओळखा

प्रिंटर मागून पाहा. जवळजवळ चौकोनी, लहान खाच असेल तर ती यूएसबी. आपल्याकडे घरोघर दिसणारे एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० हे याच जातीचे. टेलिफोनच्या खाचेसारखी पण रुंद खाच असेल तर ती नेटवर्कची. दोन बाजूंना तारेचे चाप असलेली लांबट खाच असेल तर तो पॅरललचा, म्हणजे फार जुना. त्यासाठी यूएसबीला जोडणारी वेगळी केबल मिळते.

प्रिंटर लेझरचा असेल तर तो मुळीच टाकू नका. शाईचा प्रिंटर महिनाभर पडून राहिला की शाई वाळते आणि तोंडे बुजतात. लेझरमध्ये कोरडी पूड असते. ती वाळत नाही. महिन्यातून चार पाने छापणाऱ्या घराला हाच बरा.

ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या

लॅपटॉपची भाषा प्रिंटरला समजावून सांगणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. अडते ते बहुधा इथेच. विंडोज ११ फक्त ६४-बिटची आहे. जुन्या सीडीवर ३२-बिटचाच ड्रायव्हर असेल तर तो तिथे चालत नाही. वर सांगितलेल्या दोन्ही प्रिंटरांचे ६४-बिट ड्रायव्हर निघालेले आहेत. आपल्या यंत्राचा नेमका नंबर पाहून ड्रायव्हर कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्या. ड्रायव्हरसाठी पैसे मागणारी किंवा "या नंबरवर फोन करा" म्हणणारी पाने उघडू नका. ती फसवणूक असते.

मिळालेला ड्रायव्हर पेनड्राइव्हवर जपून ठेवा. बाहेरच्या कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर विंडोजमधून पुरवण्याचे काम टप्प्याटप्प्याने थांबवणार, असे मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केले आहे. बसवलेला ड्रायव्हर चालू राहतो, पण पुढे लागेल तेव्हा तो आपल्या हाताशी असलेला बरा. आणखी एक. नवा लॅपटॉप घेताना स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा असेल तर आधी चौकशी करा. त्यावर जुने ड्रायव्हर चालत नाहीत.

आता केबलने प्रिंटर थेट लॅपटॉपला जोडा आणि एक चाचणी पान काढा. ते नीट निघाल्याशिवाय पुढे जाऊ नका. वाफसा आल्याशिवाय आपण पेरणी करत नाही, तसेच हे. घरात राऊटर नसेल आणि एकच लॅपटॉप असेल, तर तुमचे काम इथेच संपले. केबल स्वस्त आणि बिनचूक.

एक प्रिंटर, सारे घर

घरात राऊटर असेल आणि दोन-तीन जणांना छापायचे असेल, तर तीन वाटा आहेत.

पहिली वाट : प्रिंटर एका संगणकाला कायमचा जोडायचा आणि तिथून इतरांना वाटायचा. त्या संगणकात सेटिंग्जमधून प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये जा. आपला प्रिंटर निवडा, प्रिंटर प्रॉपर्टीज उघडा, शेअरिंगमध्ये "शेअर धिस प्रिंटर"वर खूण करा आणि छोटे, सोपे नाव द्या. नेटवर्क "प्रायव्हेट" ठेवा आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा.

दुसऱ्या लॅपटॉपवर आधी तोच ड्रायव्हर बसवून घ्या. हे विसरू नका, कारण ऑगस्ट २०२१ पासून सुरक्षेसाठी विंडोजने नेटवर्कवरून ड्रायव्हर बसवण्याचे नियम कडक केले आहेत. मग विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबा, दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन पहिल्या संगणकाचे नाव लिहा. प्रिंटर दिसेल. त्यावर दोनदा क्लिक केले की जोडला जाईल. नाव आणि पासवर्ड विचारला तर पहिल्या संगणकाचा द्या. उघडताना वापरतो तो आकडी पिन इथे चालत नाही, पासवर्डच लागतो.

या वाटेची अडचण एकच. पहिला संगणक बंद किंवा झोपलेला असेल तर कोणालाच छापता येत नाही. म्हणून त्याचे आपोआप झोपणे बंद करा. दोन्ही यंत्रे एकाच वायफायवर हवीत. एक पाहुण्यांच्या वायफायवर असेल तर ती एकमेकांना दिसत नाहीत.

दुसरी वाट : प्रिंटरला नेटवर्कची खाच किंवा वायफाय असेल तर त्याला थेट राऊटरला जोडा. जुन्या प्रिंटरांचे वायफाय बहुधा २.४ गिगाहर्ट्झचेच असते, ५ चे त्यांना दिसत नाही. राऊटरमध्ये २.४ चालू आहे ना, ते पाहा. "काल चालत होता, आज सापडत नाही" ही नेहमीची तक्रार. कारण साधे आहे. राऊटर यंत्राला दिलेला पत्ता मधूनच बदलतो. घर बदलले पण पोस्टमनला कळवले नाही, असा प्रकार. राऊटरमध्ये जाऊन प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवा, म्हणजे ही कटकट मिटेल. हा प्रिंटर घरापुरताच ठेवा. बाहेरून इंटरनेटवरून पोचता येईल असे दार राऊटरमध्ये उघडू नका.

तिसरी वाट : घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर त्यावर लायनक्स घालून कप्स नावाच्या मोफत प्रोग्रॅमने त्याला छपाईचा राखणदार करता येते. मग बहुधा मोबाइलवरूनही छापता येते. काही जण यासाठी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक वापरतात. लेझरजेट १०२० त्यावर चालतो. पण कॅननच्या २९०० चा कंपनीचा लायनक्स ड्रायव्हर इंटेल जातीच्या संगणकांसाठी आहे, पायसाठी नाही. कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींना हे काम जमण्यासारखे आहे.

बाजारात यूएसबी प्रिंटरला नेटवर्कवर घेणारी छोटी डबीही मिळते. घेण्याआधी आपला मॉडेल नंबर चालतो का, हे विचारा. लेझरजेट १०२० सारखा प्रिंटर बंद केला की आपला अंतर्गत प्रोग्रॅम विसरतो. संगणकाने तो दर वेळी भरावा लागतो. साध्या डबीला ते जमत नाही आणि पैसे वाया जातात.

जपणूक

लेझर प्रिंटर लहान इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर लावू नका. पान भाजताना तो एकदम मोठा भार ओढतो. पावसाळ्यात कागद डब्यात बंद ठेवा, सर्दलेला कागद अडकतो. वापर नसेल तेव्हा वर कापड टाका, पण प्रिंटर गरम असताना नको.

शेवटी एक काम जरूर करा. एका कागदावर प्रिंटरचा मॉडेल नंबर, शेअर केलेले नाव, राखून ठेवलेला पत्ता आणि ड्रायव्हरचा पेनड्राइव्ह कुठे आहे ते लिहून प्रिंटरच्या बाजूला चिकटवा. पासवर्ड मात्र त्यावर नको, तो घरातल्या वहीत. मुलगा पुण्याला शिकायला गेला म्हणून आई-वडिलांचे छापणे अडू नये. घरच्या बाईमाणसाला, आजोबांनाही एक-एक पान स्वतःच्या हाताने छापायला लावा. आपल्या जमिनीचा कागद आपल्या घरात, आपल्या हाताने निघाला, म्हणजे तो दुसऱ्याच्या संगणकात राहण्याची चिंता उरत नाही.