बाग जुनी, बदल कोणता?

बालमित्रांनो,

येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेतले पाळणे तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पाहिले असतील. आज मात्र तुम्हाला पुण्याच्या पेशवे पार्कात नेते. पर्वतीजवळच्या या बागेत १९५६ साली ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी सुरू झाली. म्हणजे तुमच्या आजोबांच्या वयाची! त्या बागेत वाघ-सिंहही होते. पुढे शहराच्या मधोमध प्राण्यांना जागा अपुरी पडू लागली. १९९९ साली कात्रजला मोठं प्राणिसंग्रहालय सुरू झालं आणि प्राणी तिकडे गेले. फुलराणी मात्र जुन्या बागेतच राहिली.

अशी जुनी बाग तुमच्या हाती दिली, तर काय बदलाल? मी वर्गात विचारलं. कुणी म्हणालं, “गाडी जोरात पळवू.” कुणाला घसरगुंडी आणखी उंच हवी होती. मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, “बाई, माझा भाऊ चाकाच्या खुर्चीत असतो. आम्ही खेळतो, तो नुसता बघतो. त्याला बसता येईल असा एक झोका मी लावीन.”

सगळा वर्ग गप्प झाला.

बरं का मुलांनो, नवं काय आणायचं ते नंतर. बाग कुणाला पुरत नाही, हे आधी बघायचं. या रविवारी तुमच्या गावची बाग नीट पाहा. एक गोष्ट जपायची, एक बदलायची, अशा दोन ओळी लिहून नगरपरिषदेला किंवा ग्रामपंचायतीला पाठवा.

पालकांनो, पाकिटावर तिकीट तेवढं तुम्ही लावा!

– तुमच्या बाई