टाळ्या प्रेक्षकांच्या, निकाल मालकाचा

पक्षाच्या एका अभ्यासवर्गात गेल्या महिन्यात मी वेतनाच्या प्रश्नावर बोलत होतो. एका तरुण कार्यकर्त्याने मला मध्येच अडविले. "सर, कुणाच्या कामाचे मोल किती, हे संघटनेने तरी का ठरवावे? ते गिऱ्हाइकाला ठरवू द्या," असे म्हणून त्याने न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील अपोलो नाट्यगृहाचा दाखला दिला. या नाट्यगृहात १९३४ साली हौशी कलावंतांच्या बुधवारच्या रात्री सुरू झाल्या. परीक्षक मंडळ नाही, प्रमाणपत्र नाही, शिफारस नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला तर कलावंत जिंकला, हुर्यो उडाली तर भर रंगमंचावरून त्याची उचलबांगडी. "याहून अधिक लोकशाही ती कोणती?" असा त्याचा प्रश्न होता आणि वर्गातील अनेकांनी माना डोलावल्या.

बाजारपेठ म्हणजे ग्राहकांचे दररोजचे मतदान, हा सिद्धान्त नवा नाही. आपले विरोधक तो पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. तो आता आपल्याच सतरंजीवर येऊन बसला आहे, म्हणून हे उत्तर जाहीरपणे देणे भाग आहे.

दाखला चांगला आहे. म्हणूनच तो अर्धा सांगून भागणार नाही. २१ नोव्हेंबर १९३४ या दिवशी एला फिट्झजेराल्ड नावाची सतरा वर्षांची, घरदार हरपलेली एक कृष्णवर्णीय मुलगी त्या रंगमंचावर उभी राहिली. ती आली होती नाचायला. परंतु आधीच्या दोघी बहिणींचे नृत्य पाहून ती कचरली आणि आयत्या वेळी तिने गायचे ठरविले. हार्लेमच्या प्रेक्षकांनी तिला पहिली ठरविले. पंचवीस डॉलरचे बक्षीस मिळाले. त्या बक्षिसाचा दुसरा भाग म्हणजे त्याच नाट्यगृहात एक आठवडा गाण्याची संधी. तो तिला मिळाला नाही. तिचा फाटका अवतार पाहून व्यवस्थापनाने हात आखडता घेतला, असे तिचे चरित्रकार सांगतात. पुढे ती विसाव्या शतकातील श्रेष्ठ गायिकांपैकी एक ठरली, ही गोष्ट वेगळी.

माझ्या तरुण मित्राला मी एवढेच विचारतो, त्या रात्री निकाल कोणी दिला? गाण्याचा निकाल प्रेक्षकांनी दिला. कामाचा निकाल मालकाने दिला. टाळी ही प्रशंसा आहे. नेमणूक आणि वेतन ही सत्ता आहे. या दोहोंत अंतर आहे, आणि त्या अंतरातच मालकवर्गाचा सारा व्यवहार चालतो.

हा अपवादात्मक प्रसंग होता असे कुणी म्हणेल. म्हणून त्याआधीच्या तीस-चाळीस वर्षांचा इतिहास पाहू. अमेरिकेत ज्याला 'व्हॉडव्हिल' म्हणत, तो एकाच तिकिटात विविध कलांचा खेळ असे. कसरतपटू, गायक, नकलाकार, जादूगार, शिकविलेली कुत्री, छोटी प्रहसने असे आठ-नऊ प्रकार एकामागून एक सादर होत. बेंजामिन कीथ याने १८८३ मध्ये बॉस्टन येथे या धंद्याला आरंभ केला आणि एडवर्ड ॲल्बी या आपल्या सहकाऱ्याच्या साहाय्याने नाट्यगृहांची एक साखळीच उभारली. प्रेक्षक सर्वत्र टाळ्या वाजवीत होतेच. मात्र सोमवारी पहिला खेळ झाला की त्या त्या नाट्यगृहाचा व्यवस्थापक टेबलाशी बसून प्रत्येक कलावंताविषयी अहवाल लिही. खेळ किती मिनिटे चालला, लोक हसले की नाही, कोणता विनोद कापावयास लावला, दिलेल्या पैशाला माल उतरला की नाही, हे सारे त्यात असे. ते अहवाल साखळीच्या कचेरीत जात आणि इतर गावांच्या व्यवस्थापकांपर्यंत पोहोचत. १९०२ नंतरच्या सुमारे वीस वर्षांचे असे अहवाल आज आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवलेले आहेत. कलेच्या इतिहासकारांना ती सोन्याची खाण वाटते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र त्यांत दिसते ती श्रमाच्या खरेदीदाराची वही. ज्याच्याविषयी लिहिले जाई त्याला ती पाहण्याचा हक्क नव्हता, उत्तर देण्याची सोय नव्हती, दाद मागण्याचे ठिकाण नव्हते.

"पण अहवालात प्रेक्षकांचाच प्रतिसाद नोंदविला जात होता ना?" असे कुणी विचारील. होय, पण तो प्रतिसाद कोणत्या परिस्थितीत मिळत होता? पहिला क्रमांक ज्याच्या वाट्याला येई, त्याचा खेळ लोक आत येऊन खुर्च्या शोधत असताना होई. शेवटच्या क्रमांकाचा खेळ लोक टोप्या उचलून दाराकडे निघालेले असताना होई. म्हणूनच या दोन जागी बहुधा न बोलणारे कसरतपटू घालीत. त्यांचे शब्द ऐकू न आल्याने बिघडत नसे. शेवटून दुसरी जागा सर्वांत मानाची, कारण तोवर सभागृह तापलेले असे. आता ही जागा देणारा कोण? तोच व्यवस्थापक. सोमवारच्या पहिल्या खेळानंतर तो क्रम बदलू शके. म्हणजे ज्याने टाळ्या मोजायच्या, त्यानेच त्या कोठे पडाव्यात हेही ठरवायचे. कामगाराला मोडका माग द्यावा आणि कापड कमी निघाले म्हणून मजुरी कापावी, असाच हा न्याय आहे. गुणवत्तेप्रमाणे मोबदला म्हणणाऱ्यांनी गुणवत्ता ज्या परिस्थितीत मोजली जाते तिच्यावर कोणाचा ताबा आहे, हे आधी सांगावे.

पुढची पायरी मक्तेदारीची. १९०६ मध्ये कीथ आणि ॲल्बी यांच्या हाती 'युनायटेड बुकिंग ऑफिस' आले. कलावंताला साखळीत काम हवे तर ते याच कचेरीतून मिळे, आणि काम देण्याबद्दल कचेरी त्याच्या वेतनातून पाच टक्के कापून घेई. दलालाचे पाच टक्के निराळे. त्यांतलाही हिस्सा पुन्हा मालकांच्याच वसुली संस्थेकडे वळे. प्रतिस्पर्धी नाट्यगृहात जो खेळ करी, त्याचे नाव काळ्या यादीत जाई. विकणारे हजारो आणि घेणारा एक, अशा बाजारात किंमत कोण ठरवितो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. तिथे प्रेक्षकाच्या टाळीला फार तर साक्षीदाराचे स्थान होते, न्यायाधीशाचे नव्हते.

कलावंत मुकाट्याने सोसत राहिले नाहीत. १९०० मध्ये त्यांनी 'व्हाइट रॅट्स' ही संघटना स्थापन केली. इंग्रजीत 'स्टार' हा शब्द उलटा लिहिला की 'रॅट्स' होतो, त्यावरून हे नाव. फेब्रुवारी १९०१ मध्ये त्यांनी संप केला. मालकांनी कमिशन बंद करण्याचे तोंडी आश्वासन दिले, संप मिटला, आणि यथावकाश कमिशन पुन्हा सुरू झाले. तोंडी आश्वासनावर विसंबून आपल्याकडेही किती लढे वाया गेले, हे जुन्या कार्यकर्त्यांना सांगावयास नको. १९१६ मध्ये ॲल्बीने 'नॅशनल व्हॉडव्हिल आर्टिस्ट्स' ही मालकांच्या मांडीवरची संघटना उभी केली. व्हाइट रॅट्सचा सभासद नसल्याची हमी दिल्यावाचून करार मिळेनासा झाला. १९१६-१७ चा संप चिरडला गेला आणि संघटनेची स्वतःची वास्तूदेखील त्या मालकधार्जिण्या संघटनेच्या हाती गेली. १९१८ मध्ये केंद्रीय व्यापार आयोगाने मक्तेदारीविरुद्ध तक्रार दाखल केली. १९२० मध्ये ती निकालात काढण्यात आली. कायदा संघटनेच्या पाठीशी उभा राहू शकतो. तिची जागा घेऊ शकत नाही.

या पराभवाचा सारा दोष मालकांवर टाकून मोकळे होणे प्रामाणिकपणाचे नाही. व्हाइट रॅट्सचे सभासदत्व आरंभी गोऱ्या पुरुषांपुरतेच होते. त्याच रंगमंचावर गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रियांना दार बंद, कृष्णवर्णीयांनाही दार बंद. ज्यांना आपण ओसरीवरही येऊ दिले नाही, त्यांनी संपाच्या दिवशी आपल्या बाजूने उभे राहावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? प्रेक्षकांच्या टाळ्यांनी हा भेद पुसला नाही आणि संघटनेनेही पुसला नाही.

याउलट उदाहरण लंडनचे. तेथील म्यूझिक हॉलमध्ये मालक जादा खेळ फुकट करून घेत. जानेवारी १९०७ मध्ये 'व्हरायटी आर्टिस्ट्स फेडरेशन'ने संप पुकारला. मेरी लॉइडसारखी लोकप्रिय गायिका, जिला पैशाची काहीच ददात नव्हती, ती लहान कलावंतांसाठी निदर्शकांत उभी राहिली. वादक आणि पडद्यामागचे कामगारही सामील झाले. दोनेक आठवड्यांत मालक लवादाला राजी झाले आणि जॉर्ज ॲस्कविथ यांच्या निवाड्याने कामाच्या अटी कागदावर आल्या. प्रेक्षक तेच, टाळ्याही तशाच. फरक पडला तो एकजुटीने.

प्रेक्षकांना आवडनिवड असू नये, असे मी म्हणत नाही. हार्लेमचे प्रेक्षक एलाला ओळखण्यात चुकले नाहीत, उलट व्यवस्थापन चुकले. लोकांच्या रसिकतेवर माझा विश्वास आहे. तिच्या नावावर दुसऱ्याने काढलेल्या हुकमावर नाही. कामाचे मोजमाप व्हावे. पण कसोटी आधी जाहीर असावी, नोंद ज्याची त्याला दिसावी, तिच्यावर दाद मागता यावी, आणि या तिन्ही गोष्टी अमलात आणण्याचे बळ असलेली, कुणालाही दाराबाहेर न ठेवणारी संघटना असावी.

ही शंभर वर्षांपूर्वीची परदेशी कहाणी म्हणून सोडून देऊ नका. आज आपल्या शहरात दुचाकीवरून घरोघर जेवण पोहोचविणाऱ्या तरुणाला गिऱ्हाईक तारे देते. पुढची फेरी कोणाला मिळणार, तिचा दर काय आणि कोणाचे खाते बंद होणार, हे मात्र कंपनीची न दिसणारी वही ठरविते. सोमवारचा अहवाल आता क्षणोक्षणी लिहिला जातो, एवढाच फरक.

तेव्हा, माझ्या तरुण मित्रा, टाळ्या अवश्य वाजव. पण त्या थांबल्यावर एक प्रश्न विचारावयास विसरू नकोस: वही कोणाच्या हातात आहे? अभ्यासवर्गाच्या पुढच्या बैठकीत आपण तिथूनच सुरुवात करू.