स्टेपनी घरी ठेवणे हा उपाय नव्हे

स्टेपनी चोरीला जाते म्हणून 'स्टेपनी घरीच ठेवा, पंक्चर किट पुरे' असे सांगणारे पत्र वाचले. ते मुळशीच्या रस्त्यांना लागू पडत नाही.

पत्रलेखक नियमाचा आधार घेतात. मोटार वाहन नियमांच्या २०२० च्या दुरुस्तीने स्टेपनी न देण्याची सवलत दिली, ती ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट असलेल्या गाड्यांना. पण किट बुजवते ते खिळ्याचे भोक. गेल्या आषाढात ताम्हिणीत धारदार दगडाने माझ्या टायरची बाजू बोटभर फाटली. तिथे किट निरुपयोगी ठरले, मागच्या दारावरच्या स्टेपनीनेच पौड गाठून दिले.

स्टेपनीची चोरी 'किरकोळ' म्हणणेही चूक. भारतीय न्याय संहितेचे कलम ३०५ प्रवासी वा मालवाहू वाहनातील वस्तूच्या चोरीला सात वर्षांपर्यंत कैद सांगते. तक्रार नोंदवायलाच हवी.

चोरी टाळायला 'कव्हर घाला' हा त्या पत्रातला सल्लाही अपुरा. रेक्झिन क्षणात निघते आणि साधे नट कोणत्याही व्हील पान्याने सुटतात. एक नट लॉकचा बसवा. त्याची चावी टायर बदलण्याच्या सामानात न ठेवता गाडीतच वेगळ्या जागी ठेवा. मुळशीच्या पावसात नट गंजतो, म्हणून महिन्याला एकदा सोडवून ग्रीस लावा. रिमवर गाडीचा क्रमांक कोरा, टायरचा क्रमांक टिपून ठेवा आणि मुक्कामी गाडीची पाठ भिंतीला टेकवा.

चोराच्या भीतीने स्टेपनीच सोडायची, तर फोर-व्हील ड्राइव्हची गाडी घाटात न्यायची कशाच्या भरवशावर?

— एक वाचक, पौड (ता. मुळशी)