गडी किती उचलतोय?

अप्रेझलचा सीझन आला की ऑफिसात सगळ्यांचे चेहरे एकसारखे दिसायला लागतात. वर्षभर मान मोडून केलेलं काम एका फॉर्मच्या पाच रकान्यांत कोंबायचं, आणि मग बॉस म्हणणार, ‘पोटेन्शियल आहे, पण...’ या प्रकाराचा आपल्याला मनापासून राग येतो. पण गंमत बघा, टीव्हीसमोर बसलो की आपणच एचआर होतो. अठरा वर्षांचं एक पोरगं तीन सणसणीत फोरहँड मारतं आणि आपण सोफ्यावरून निकाल देतो, ‘हा पुढचा फेडरर!’ सहा महिन्यांनी तेच पोरगं पहिल्या फेरीत हरलं की, ‘फुगा होता राव!’ फाइल बंद.

तर मंडळी, आजचा विषय हाच. टेनिसमधलं नवं पोरगं जोखायचं कसं?

हा प्रश्न माझ्यासमोर आला तो कुरुंदवाडात. शिरोळ तालुक्यातलं हे माझं आजोळ. नदीपलीकडे नरसोबाची वाडी, आणि आल्यागेल्याला तिथली बासुंदी. टेनिसशी गावाचा संबंध म्हणाल तर शून्य. पण खेळाडू जोखायचा मात्र पक्का सराव! २०१४ च्या ग्लासगो कॉमनवेल्थ गेम्समध्ये वेटलिफ्टिंगची तीन ब्राँझ मेडल्स याच गावच्या पोरांनी आणली. गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी. एवढ्याशा गावात तीन! गणेशनं ५६ किलो गटात एकूण २४४ किलो उचललं आणि सिल्व्हर फक्त एका किलोनं हुकलं. इथल्या कट्ट्यावर वजनाच्या गप्पा क्रिकेटच्या स्कोअरसारख्या चालतात.

टीव्हीवर टेनिस लागलं होतं, तेव्हा मामांनी विचारलं, ‘त्यो पुण्याचा धामणे म्हणून पोरगा हाय, त्यो वर येणार काय रं?’

‘चांगला आहे मामा, पण आत्ताच सांगणं अवघड आहे.’

‘त्यात अवघड काय? गडी किती उचलतोय ते सांग की!’

प्रश्न खरंच बिनतोड आहे. वेटलिफ्टिंगमध्ये स्नॅचचे तीन प्रयत्न, क्लीन अँड जर्कचे तीन, दोन्हींतलं सर्वोत्तम घ्या आणि बेरीज करा. संपला विषय. टेनिसमध्ये मात्र बार नसतो. समोर दुसरा माणूस असतो, आणि तो दर आठवड्याला बदलतो. तरी मामांचा प्रश्न आपण सोडायचा नाही. टेनिसमधलं ‘वजन’ कुठे बघायचं, ते माझ्या परीनं सांगतो.

पहिली गोष्ट, ज्युनिअर रँकिंगला भुलू नका. आपल्या युकी भांबरीनं २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचं ज्युनिअर विजेतेपद मिळवलं, तो ज्युनिअरमध्ये जगात पहिला होता. सिंगल्समध्ये त्याची सर्वोच्च रँकिंग ८३, तीही २०१८ मध्ये. मधली वर्षं दुखापतींनी खाल्ली. (पुढे डबल्समध्ये त्यानं झकास दुसरी इनिंग सुरू केली, ते वेगळं.) आता दुसरं टोक बघा. इटलीचा यानिक सिनर. लहानपणी स्कीइंग करणारा, डोंगरातल्या लॉजमध्ये वडील स्वयंपाकी. ज्युनिअरमधली त्याची सर्वोच्च रँकिंग होती १३३! तो लवकरच मोठ्यांच्या छोट्या स्पर्धांत घुसला, तिथे मार खाल्ला आणि २०२४ मध्ये जगात नंबर वन झाला. दहावीच्या मार्कांवरून कोणी सीईओ ठरवतं का?

दुसरी गोष्ट, हायलाइट्स बंद करा. २०२४ मध्ये डार्टमाउथ कॉलेजच्या भाषणात फेडररनं एक आकडा सांगितला. कारकिर्दीतल्या १,५२६ सिंगल्स मॅचेसपैकी जवळपास ८० टक्के त्यानं जिंकल्या, पण पॉइंट्स जिंकले फक्त ५४ टक्के. म्हणजे फेडररसुद्धा जवळजवळ दर दुसरा पॉइंट हरत होता! मग फरक कुठे पडतो? हरलेल्या पॉइंटनंतरच्या पॉइंटला. म्हणून पोरगं विनर मारतं तेव्हा नाही, डबल फॉल्ट करतं तेव्हा बघा. पुढची सर्व्हिस टाकताना हात आखडतो का? सेकंड सर्व्ह नुसती ढकलतो, की हिमतीनं मारतो? फर्स्ट सर्व्ह म्हणजे सीव्ही, सगळ्यांचीच छान असते. सेकंड सर्व्ह म्हणजे इंटरव्ह्यू.

तिसरी गोष्ट, दुसरं वर्ष. टेनिसची रँकिंग ५२ आठवड्यांची असते. यंदा मिळवलेले पॉइंट्स पुढच्या वर्षी त्याच सुमारास गळून जातात, ते परत कमवावे लागतात. सेल्समधल्या मित्रांना हे वेगळं सांगायला नको. गेल्या वर्षीचं टार्गेट गाठलंत? छान, आता मीटर शून्यावर. शिवाय पहिल्या वर्षी तुम्हाला कोणी ओळखत नसतं. दुसऱ्या वर्षी प्रत्येक प्रतिस्पर्ध्याच्या कोचकडे तुमच्या बॅकहँडची कुंडली असते. खरी परीक्षा तिथे सुरू होते.

आणि चौथी गोष्ट, शरीर. एटीपीनं २०१७ मध्ये तरुणांसाठी ‘नेक्स्ट जेन फायनल्स’ सुरू केली. पहिला विजेता कोरियाचा ह्यन चुंग. दोनच महिन्यांत, जानेवारी २०१८ मध्ये, त्यानं ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये जोकोविचला हरवलं आणि सेमीफायनल गाठली. सगळे म्हणाले, सापडला! पुढे पाठीनं दगा दिला आणि तो वर आलाच नाही. हीच स्पर्धा २०१९ मध्ये सिनरनं जिंकली, २०२१ मध्ये अल्काराझनं. एकच ट्रॉफी, तीन पोरं. कपाटातली ट्रॉफी बघून यातलं कोण कुठे पोचेल ते सांगता आलं असतं का?

आता मामांच्या प्रश्नाकडे. मानस धामणे, जन्म २००७. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात बालेवाडीला टाटा ओपन महाराष्ट्रमध्ये त्याला वाइल्ड कार्ड मिळालं. वय १५! समोर अमेरिकेचा मायकेल ममोह. मानस ६-२, ६-४ हरला आणि दुसऱ्या दिवशी पेपरांत ‘भारताचं भविष्य’ झाला. इटलीतल्या बोर्डिगेराच्या पियाटी सेंटरमध्ये त्यानं ट्रेनिंग घेतलं. सिनर घडला तेच हे ठिकाण. २०२५ मध्ये ट्युनिशियातल्या मोनास्टिरला त्यानं मोठ्यांमधलं पहिलं आयटीएफ विजेतेपद मिळवलं. पण ‘भविष्य’ म्हणून नाव छापणारे आपण, या वेळी किती जणांनी ही बातमी वाचली?

त्या पायरीवरच्या स्पर्धेचा हिशोब ऐका. सगळ्यात छोट्या स्पर्धेत पूर्ण ड्रॉची मिळून बक्षीस रक्कम १५ हजार डॉलर, विजेत्याच्या वाट्याला २,१६०. टॅक्स जायचाय, कोच, विमान, हॉटेल आणि रॅकेटची तार यातूनच. रँकिंग पॉइंट्स मिळतात १५. ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्याला २,०००. मुंबई-पुण्यातला मध्यमवर्गीय बाप हे गणित घरातल्या टेबलावर मांडतो, तेव्हा पुढे फ्लॅट विकायचा की रॅकेट, एवढाच प्रश्न उरतो. सुमित नागल भारताचा नंबर एक सिंगल्स खेळाडू होता, तेव्हा २०२३ मध्ये त्यानं उघडपणे सांगितलं की खात्यात ९०० युरो उरलेत. त्यानंतर चारच महिन्यांनी त्यानं ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये ३१ व्या मानांकित बुब्लिकला हरवलं आणि जुलै २०२४ मध्ये ६८ व्या नंबरवर पोचला. त्या ९०० युरोंच्या वेळी त्यानं रॅकेट खाली ठेवली असती, तर आपण काय म्हटलं असतं? ‘फुगा होता राव!’

माझा सगळा मुद्दा इथेच आहे, बॉस. पंधराव्या वर्षी आपण पोराला डोक्यावर घेतो आणि अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी विसरतो. नेमकं तेव्हाच त्याला स्पॉन्सर हवा असतो, फिजिओ हवा असतो आणि हरायची मुभा हवी असते. कुरुंदवाडची पोरं ग्लासगोला उचलायच्या आधी वर्षानुवर्षं गावच्या जिममध्ये उचलत होती. कॅमेरा नव्हता, पण रोज बारवर आणखी थोडं वजन चढवणारं कोणीतरी होतं. टेनिसच्या पोरांना तेवढं तरी मिळायला हवं.

तेव्हा यंदा एक करून बघा. एक पोरगं निवडा, मानस घ्या नाहीतर दुसरा कोणी. त्याचे स्कोअर तीन वर्षं बघत राहा, जिंकलेलेही आणि मोनास्टिरच्या रिकाम्या कोर्टवर हरलेलेही. पहिला सेट गेल्यावर तिसरा किती वेळा जिंकतो, एवढंच मोजा. आणि तुमच्या कंपनीत स्पॉन्सरशिपचं बजेट तुमच्या टेबलावरून जात असेल, तर मॅरेथॉनच्या टी-शर्टांतून थोडे पैसे काढून अशा एखाद्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या तिकिटाला लावा.

त्याचं अप्रेझल बाविसाव्या वर्षी करू. तोवर शेरा एकच: ‘काम चालू आहे.’